चार्ली ब्राऊनचं म्युझिकल सोलापुरात मराठीत बसवायचंय, परवानगी, गाणी, हॉल... कुणाला अनुभव?

शेंगाचटणी:
नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितेय. आमचा हौशी नाटकाचा ग्रुप आहे, म्हणजे कागदावर संस्था वगैरे आहे पण माणसं तीच ती दहा-बारा, कुणी बँकेत, कुणी शाळेत शिकवतं, एक जण औषध कंपनीचा एमआर आहे जो तालमीला कधीच वेळेवर येत नाही. दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेला आम्ही काहीतरी गंभीर घेऊन उतरतो, त्यात वाडा विकायचा असतो, मोठा भाऊ परदेशात असतो आणि दुसऱ्या अंकात कुणीतरी खिडकीशी उभं राहून लांबलचक बोलतं. यंदा सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं की बास आता, गाण्यांचं आणि हसण्याचं काहीतरी करू.

तर माझ्या डोक्यात आहे 'यू आर अ गुड मॅन, चार्ली ब्राऊन'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चार्ल्स शुल्झ या अमेरिकन चित्रकाराची 'पीनट्स' नावाची कॉमिक स्ट्रिप होती, पेपरात रोज चार चौकोन, २ ऑक्टोबर १९५० ला सात पेपरांत सुरू झाली आणि फेब्रुवारी २००० पर्यंत चालली, पन्नास वर्षं तो माणूस एकटा काढत होता, मदतनीस न घेता. त्यातला गोल डोक्याचा, कायम हरणारा पोरगा म्हणजे चार्ली ब्राऊन आणि त्याचा कुत्रा म्हणजे स्नूपी, जो आता लोकांना टीशर्टवरूनच माहितीय. त्यावर क्लार्क गेसनरनं १९६७ मध्ये हे म्युझिकल केलं. सहाच पात्रं, गोष्ट म्हणाल तर नाहीच, छोटे छोटे प्रसंग आणि मध्ये गाणी. सहा माणसांचं आहे म्हणूनच जीव अडकलाय खरं तर, आमच्याकडे गाऊ शकणारे सहाच आहेत (सातवा स्वतःला गायक समजतो).

प्रश्न बरेच आहेत. परवानगी कुणाची आणि कशी घ्यायची, का हौशी लोकांना लागतच नाही? आमच्यातले एक जण म्हणतात आपण कुठं पैसे कमवायलोय, कोण येतंय अमेरिकेतून बघायला. गाण्यांच्या मूळ चाली ठेवायच्या का आपल्या करायच्या? चार्लीला सोलापूरचा करायचा का अमेरिकेतच ठेवायचा? आणि आम्ही सगळे तीस ते पन्नाशीतले, पाच-सहा वर्षांच्या पोरांची कामं करताना हास्यास्पद दिसणार नाही ना? ज्यांनी म्युझिकल किंवा संगीत नाटक बसवलंय त्यांनी कृपया सांगा. उत्साह मोडणारं असलं तरी चालेल, आत्ताच कळलेलं बरं.

विंगेतला_काका:
ताई, पहिल्यांदा परवानगीचंच सांगतो, कारण बाकी सगळं नंतर निस्तरता येतं हे येत नाही. मी अभिनय कधी केला नाही, पण विंगेत आणि कागदपत्रात आयुष्य गेलंय.

"हौशी आहोत, लागत नाही" हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असलेलंच जास्त घोळात घालतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ५२ मध्ये अशी सवलत आहे की हौशी क्लबनं किंवा संस्थेनं नाटकाचा प्रयोग केला आणि प्रेक्षकांकडून पैसे घेतले नाहीत तर तो भंग धरत नाहीत. धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला तरी तसंच. आता पुढचं नीट वाचा. ही सवलत *प्रयोगाला* आहे. भाषांतर करणं, रूपांतर करणं हा वेगळा हक्क आहे आणि तोही मूळ मालकाचाच असतो. म्हणजे इंग्रजी संहिता जशीच्या तशी फुकट प्रेक्षकांसमोर केलीत तर एक वेळ त्या सवलतीत बसाल, पण मराठीत आणलीत की तुम्ही दुसऱ्या दारातून आत शिरलात, तिथं परवानगी लागणार. आणि राज्य नाट्यला नाममात्र का होईना तिकीट असतं, मग ती सवलतही गेली.

जुनं झालं असेल म्हणून सुटाल असंही नाही. आपल्याकडे लेखक वारल्यावर ६० वर्षं हक्क राहतो, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. शुल्झ गेले २००० मध्ये, गेसनर २००२ मध्ये. म्हणजे चित्रं २०६० संपेपर्यंत आणि गाणी २०६२ संपेपर्यंत. तोवर आपण सगळे फोटोत.

या म्युझिकलचं लायसन्स कॉनकॉर्ड थिएट्रिकल्स ही अमेरिकन कंपनी देते. वेबसाइटवर अर्ज असतो, त्यात हॉलची आसनं किती, तिकीट किती, प्रयोग किती हे सगळं विचारतात आणि त्यावरून रक्कम सांगतात. अर्जात स्पष्ट लिहा की मराठीत करायचंय, भाषांतर आम्ही करणार, हौशी संस्था आहे, शहर हे, हॉल हा. त्यांच्याकडे या नाटकाच्या दोन आवृत्त्या आहेत, मूळची आणि १९९९ ची सुधारित, कुठली पाहिजे तेही सांगावं लागतं. उत्तर येईपर्यंत हॉल बुक करू नका आणि व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरवू नका, ही माझी हात जोडून विनंती. लायसन्स मिळालं तरी संहितेत परस्पर बदल करायचा नाही अशी अट असते, हे तुमच्या दिग्दर्शकाला बसवून सांगा. आपल्या दिग्दर्शकांना शेवट बदलायची फार हौस.

मग आपल्याकडचं. भाषांतर तयार झालं की ते रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे, पाठवून प्रमाणपत्र घ्यायचं, ते तुम्ही दरवर्षी करताच. स्पर्धेला उतरवायचं असेल तर लेखकाचं परवानगीपत्रही जोडावं लागतं, आणि इथं लेखक म्हणजे तुम्ही भाषांतर करणाऱ्या नव्हे. माझं विचाराल तर हे स्पर्धेला नेऊच नका. स्पर्धेच्या तारखांच्या आत परदेशातून कागद येईल याची खात्री नाही. स्वतंत्र प्रयोग करा, दिवाळीनंतर, हवा बरी असते.

कडकभाकरी:
मला एक कळत नाही, अमेरिकेतला गोल डोक्याचा पोरगा कशाला पाहिजे? आपला चिंटू काय वाईट आहे? १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांनी 'सकाळ'मध्ये सुरू केलेला, आमच्या घरी पेपर आला की पहिल्यांदा चिंटू, मग बाकीचं जग. पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, नेहा, जोशीकाकू, सगळी पात्रं तयार आहेत, प्रेक्षकाला ओळख करून द्यायची गरज नाही. सिनेमेसुद्धा झाले दोन, २०१२ आणि २०१३ ला. जोशीकाकूंची कैरी चोरतानाचं एक गाणं टाका, हॉल डोक्यावर घेतील लोक. परवानगी मागायला अमेरिकेत जायचं त्यापेक्षा पुण्याला जाऊन या बे, इंटरसिटीनं गेलं की झालं.

शेंगाचटणी:
@विंगेतला_काका, काका फार उपकार. भाषांतराचा हक्क वेगळा असतो हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यात एक वकील आहेत 😅 अर्ज करतेय.

@कडकभाकरी दादा, चिंटू मलाही जीव की प्राण आहे. पण चिंटूचं म्युझिकल *लिहावं* लागेल ना. गाणी, चाली, प्रसंग सगळं नव्यानं. आमच्यात तसं लिहिणारं कुणी नाही, मी भाषांतर बरं करते एवढंच. आणि दुसरं म्हणजे, राग मानू नका, पण चिंटू खट्याळ आहे, त्याचं शेवटी बरं चाललेलं असतं. चार्ली ब्राऊनचं काहीच बरं चालत नाही. तो पतंग उडवतो तर पडतो, मॅच हरतो, व्हॅलेंटाइनला त्याला एकही कार्ड येत नाही, त्याला जी लाल केसांची मुलगी आवडते तिच्याशी बोलायची हिंमत होत नाही म्हणून डबा खाताना तो डोक्यावर कागदाची पिशवी घालून बसतो. आणि तरी दुसऱ्या दिवशी परत उठून पतंग घेऊन जातो. आमच्या ग्रुपचा स्पर्धेतला इतिहास बघता आम्हाला हाच जवळचा वाटतो.

कडकभाकरी:
हे मात्र पटलं. उत्तेजनार्थसुद्धा नाही ना मिळालं मागच्या वेळी.

काळी_पाच:
गाण्यांवर मी बोलते. पेटी शिकवते, सुगम शिकवते, आणि नाटकात पार्श्वसंगीत केलंय बऱ्यापैकी. थोडं लांबेल.

चाली बदलायचा विचार सोडून द्या. एक तर काकांनी सांगितलं तसं बदल करता येणारच नाही, आणि दुसरं म्हणजे या नाटकात विनोद चालीतच बसवलेला आहे. उदाहरण देते. श्रोडर नावाचा पोरगा खेळण्यातल्या पियानोवर बीथोवेन वाजवत बसलेला असतो आणि लूसी नावाची पोरगी त्याच्याशेजारी टेकून स्वतःच्या लग्नाची स्वप्नं रंगवते. खाली चाललेली असते बीथोवेनची मूनलाइट सोनाटा, ती गंभीर, जड, आणि वर हिची बडबड. चाल बदललीत तर त्यात हसण्यासारखं राहतं काय? तसंच स्नूपीचं जेवणाचं गाणं. ताटलीत जेवण येईपर्यंत तो उपाशी मरायला टेकलेला असतो आणि जेवण दिसल्यावर एकदम मोठ्या झगमगाटी शोसारखा सुटतो. ती उडी संगीतातच आहे, शब्द तिथं जवळजवळ बिनमहत्त्वाचे.

आता शब्द बसवताना त्रास कुठं होणार ते सांगते. इंग्रजी ओळ तोडून संपते, आपली ओळ शेवटी लांबते. तुम्ही अर्थाला धरून भाषांतर केलंत की गायला घेतल्यावर लक्षात येईल जोर भलत्याच अक्षरावर पडतोय, आणि मग गाणारा बिचारा कसरत करतो. म्हणून कागदावर भाषांतर करूच नका. आधी चाल ल-ला-ल करून तोंडात बसवा, जोर कुठं पडतो तिथं टाळी द्या, आणि मग त्या टाळीवर जे शब्द सहज येतील ते घ्या, अर्थ थोडा सरकला तरी सरकू दे. (ते "अर्थ सरकला" परवानगीत बसतं का हे काका सांगतील, पण गाण्याच्या भाषांतरात एवढं गृहीत धरलेलं असावं.) आणि जोडाक्षरं टाळा हो. आपल्या हौशी गायकांना उंच स्वरावर जोडाक्षर दिलं की सूर तिथंच बसतो.

खरी कसोटी 'बुक रिपोर्ट'ची. चार पोरांना पीटर रॅबिट या सशाच्या गोष्टीवर शंभर शब्द लिहायचेत. लूसी शब्द मोजत मोजत रखडत लिहिते, लायनस सशाच्या मनाचं विश्लेषण करत बसतो, श्रोडर ससा सोडून रॉबिन हूडवर जातो आणि चार्ली ब्राऊन अजून सुरुवातच करत नाही, उद्या लिहू म्हणतो. हे चौघांचं चार वेगवेगळ्या चालींत आहे आणि पुढं सगळं *एकदम* चालतं. आपल्या नाट्यसंगीतात आपण एकटे गातो, फार तर कोरसमध्ये सगळे एकाच सुरात. चार जणांनी चार वेगळे सूर धरून ठेवायची आपल्याला सवयच नाही, शेजारचा जरा जोरात गायला की आपण त्याच्या सुरात जाऊन बसतो. भजनी मंडळातले तर शंभर टक्के.

यावर माझा उपाय असा. तुमचे सहा ठरलेले असतील तर ठीक, पण एक-दोन जागा मोकळ्या असतील तर आपल्या इथल्या चर्चच्या क्वायरमधली पोरं शोधा. मराठी गीतंच म्हणतात, पण वेगवेगळ्या आवाजांच्या पट्ट्यांत म्हणायची त्यांना लहानपणापासून सवय असते. नाटकवाल्यांच्या लक्षातच येत नाहीत ती. त्यातला एक जरी तुमच्यात आला तर बाकीचे तिघं त्याच्या आधारानं उभे राहतील. आणि 'बुक रिपोर्ट' पहिल्याच आठवड्यात घ्यायला लागा, शेवटी नको. प्रत्येकानं आपली आपली ओळ मोबाइलवर रेकॉर्ड करून स्कूटरवर जाता-येता ऐकायची, एकत्र म्हणायला फार उशिरा आणायचं.

साथीचं म्हणाल तर यूट्यूबवरचे कराओके ट्रॅक लावू नका, त्याचे हक्क वेगळे आणि ऐकायलाही भिकार. लायसन्स मागतानाच साथीच्या संगीताचं काय मिळतं ते विचारा. माझी पसंती मात्र जिवंत कीबोर्डलाच, एक कीबोर्ड, एक तालवाद्य. हे मुळात छोट्या वाद्यमेळावर उभं राहिलेलं नाटक आहे, त्याला फार काही लागत नाही. फक्त तुमचा कीबोर्डवाला ऑर्केस्ट्रातला असेल तर त्याला आधीच सांगा की बाबा, दोन ओळींच्या मध्ये फिलर टाकायचे नाहीत.

शिवरायांचा_मावळा_सोलापूर:
आमच्या शाळेत 'ॲनी' केलं होतं इंग्लिशमध्ये, ते पण कॉमिकवरचंच आहे ना? ते करा, लहान मुलींचं आहे, पालक तिकिटं काढतात. पोरगी स्टेजवर असली की आख्खं खानदान येतं.

विंगेतला_काका:
हो, तेही पेपरातल्याच स्ट्रिपवरचं, हॅरॉल्ड ग्रेनं १९२४ ला सुरू केलेली, नाटक १९७७ चं. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांत, २,३७७ प्रयोग झाले आणि तिथले नाटकाचे टोनी पुरस्कार सात. पण त्याला अनाथाश्रमभर मुली लागतात, श्रीमंताचा बंगला लागतो, आणि एक कुत्रा लागतो. मूळ निर्मितीत तर खरा कुत्रा होता, प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणून शिकवलेला. इथं खरा कुत्रा स्टेजवर आणायचा म्हटलात तर प्राणी कल्याण मंडळाच्या नोंदणीची वेगळी भानगड. पालक तिकिटं काढतात हे मात्र शंभर नंबरी खरं.

तिसरी_घंटा:
उशिरा आले धाग्यावर. मी दिग्दर्शन करते आणि तुम्ही विचारलेल्या दोन गोष्टींवर माझं ठाम मत आहे, हॉल आणि मोठ्यांनी लहान होणं.

हॉलचं आधी. सोलापुरात नाटक म्हटलं की सगळे डोळे मिटून हुतात्मा स्मृती मंदिर म्हणतात. या नाटकाला ते घेऊ नका. का, तर या नाटकाचा स्वतःचाच इतिहास बघा. मार्च १९६७ मध्ये न्यूयॉर्कला ते सुरू झालं ते थिएटर ८० सेंट मार्क्स नावाच्या छोट्याशा जागेत, आणि तिथं ते १९७१ पर्यंत चाललं, १,५९७ प्रयोग. मग त्याच १९७१ मध्ये ते ब्रॉडवेच्या मोठ्या थिएटरात नेलं आणि ३२ प्रयोगांत गुंडाळलं. १९९९ ला पुन्हा ब्रॉडवेवर आणलं, नवी गाणी घातली, पॅटी हे पात्र काढून चार्लीची बहीण सॅली आणली, सॅली आणि स्नूपीची कामं करणाऱ्या दोघांना टोनी मिळाला, तरी १४९ प्रयोग. बाकीही कारणं असतील, पण मला यातून एकच दिसतं की हे जवळून बघायचं नाटक आहे. कॉमिक आपण हातभर अंतरावरून वाचतो. चार्ली ब्राऊन एकटा डबा उघडून बसलाय आणि त्याच्या चेहऱ्यावर फक्त भुवई हलते, ती भुवई पंधराव्या रांगेतून कुणाला दिसणार? मग नट ती मोठी करून दाखवतो, आणि मोठी केली की संपलंच.

म्हणून हिराचंद नेमचंद वाचनालयाचं ॲम्फी थिएटर बघा, नाहीतर फडकुले सभागृह, आणि तिथंही पुढच्या रांगाच विका. लहान जागेचा आणखी एक फायदा, माइक. नाचत गाणाऱ्या सहा जणांना कॉलर माइक लावायचे म्हणजे भाडं, बॅटऱ्या आणि कपड्याची खसखस. आमच्या एका प्रयोगात (हॉलचं नाव घेत नाही) नायिकेचा माइक ऐन गाण्यात बंद पडला आणि शेजारच्या लग्नातला बँड स्पीकरमधून यायला लागला. लहान जागेत वर दोन-तीन टांगलेले माइक पुरतात, आणि नाही पुरले तर गळे आहेत.

आता मोठ्यांनी लहान होण्याचं. ताई, मोठ्यांनीच करायचं असतं ते! १९६७ पासून मोठेच करत आलेत. शुल्झच्या स्ट्रिपमध्ये मोठं माणूस दिसतच नाही, सगळं जग पोरांचं, आणि ती पोरं बोलतात मात्र चाळिशीतल्या थकलेल्या माणसांसारखी. लूसी पाच सेंट घेऊन मानसोपचाराचं दुकान चालवते. लायनस तत्त्वज्ञान सांगतो आणि हातातलं पांघरूण त्याला सोडवत नाही. खऱ्या सहा वर्षांच्या पोराला हे बोलायला लावलंत तर लोक "कित्ती गोड" म्हणतील आणि विषय तिथंच संपेल. पन्नाशीच्या माणसानं सरळ चेहऱ्यानं म्हटलं की घशात काहीतरी अडकतं.

पण एक अट, बोबडं बोलायचं नाही. बालनाट्यातून येणारी ती लाडिक चाल, मान तिरकी करून, बोट गालात खुपसून, पाय फाकवून, ती पहिल्याच तालमीत बंद. मी तालमीत नटांना सांगते, तुझं ऑफिसातलं भांडण आठव आणि त्याच गंभीरपणे पतंगाशी भांड. पतंग खरा वापरू नका, दोरीच फक्त हातात, वर बघण्यातून पतंग दिसला पाहिजे. सोलापुरात संक्रांतीला गच्चीवर चढलेला प्रत्येक माणूस ती मान कशी वळते ते ओळखतो, खोटी वळली तर लगेच पकडतील.

स्नूपीला कुत्र्याचा ड्रेस शिवू नका. मूळ प्रयोगातही मुखवटा-शेपटी नव्हती, माणूसच होता साध्या कपड्यांत. शिवाय तुमची रंगीत तालीम बिनपंख्याच्या शाळेच्या हॉलमध्ये होणार, फरच्या ड्रेसात आपल्या गावच्या उन्हात माणूस दोन गाण्यांत आडवा होईल. पांढरा टीशर्ट, काळी पँट, बस. नेपथ्यही तेवढंच, रंगवलेले ठोकळे, तोच ठोकळा स्नूपीचं घर, तोच शाळेचा बाक, तोच लूसीचा दवाखाना. फक्त ते ठोकळे माणूस उभा राहील इतके मजबूत करून घ्या, स्नूपी त्याच्यावर नाचतो.

आणि वेग. हे सगळ्यात अवघड आहे आणि याबद्दल कुणी बोलत नाही. स्ट्रिपचे चार चौकोन असतात ना, पहिल्या तिघांत बोलणं आणि चौथ्यात बरेचदा नुसतं बघणं. त्या चौथ्या चौकोनाला थांबावं लागतं. आपले नट टाळी आली की पुढचं वाक्य टाकतात, टाळी नाही आली तर घाबरून आणखी लवकर टाकतात. प्रत्येक छोट्या प्रसंगानंतर ब्लॅकआउट करायचा मोहही टाळा, इतके प्रसंग आहेत की प्रेक्षक अर्धा वेळ अंधारात बसेल. दिवा चालू ठेवून एक जण निघून जातो आणि दुसरा येतो, एवढंच पुरतं.

औषधवाला:
मीच तो एमआर. शेंगाचटणी मॅडम, बदनामी थांबवा. आणि स्नूपी मी करणार असं ठरलंय ना? गणपतीच्या मिरवणुकीत माझा नाच बघूनच घेतलंय मला.

शेंगाचटणी:
ठरलेलं नाही. वेळेवर आलास तर विचार करू.

@तिसरी_घंटा ताई, तुमचा प्रतिसाद मी ग्रुपवर टाकला, दोन जण गप्प झालेत, दोघंही बोबडं बोलायच्या तयारीत होते. हॉलचं पटलं, मी ॲम्फी थिएटरला चौकशी करते (बुक नाही करत काका, चौकशीच). आता एकच उरलं, सोलापूरचा करायचा का नाही? आमच्यातल्या अर्ध्यांचं म्हणणं बेसबॉल कुणाला कळणार, क्रिकेट करू, लूसी "काय बे चार्ल्या" म्हणेल, लोक फुटतील हसून.

तिसरी_घंटा:
पहिल्या रात्री फुटतील. पुढं ते सोलापुरी बोलीचं नाटक होईल, चार्ली ब्राऊनचं नाही. आणि लायसन्सच्या भाषेत तो बदलच झाला, रूपांतर. बेसबॉल राहू दे. ते गाणं चार्लीनं लांबच्या मित्राला लिहिलेलं पत्र आहे, मॅच कशी हरलो त्याचं. खेळाचे नियम कळायची गरज नाही, शेवटच्या क्षणी सगळ्या टीमची आशा एका नको त्या माणसावर येऊन ठेपते एवढं कळलं की झालं, आणि ते आपल्याला चांगलंच कळतं. नावं तीच, कपडे साधे, कुठल्याही देशातले. बोलीचा वास फक्त लयीत येऊ द्या, तुमचे नट सोलापूरचे आहेत, तो तसाही येणारच.

कडकभाकरी:
"काय बे चार्ल्या" एकदा तरी पाहिजे होतं पण. असो. लाल केसांची मुलगी कोण करायलंय?

काळी_पाच:
ती येतच नाही स्टेजवर, तिच्याबद्दल नुसतं बोलतात. शेवटाकडं चार्लीला तिची पेन्सिल सापडते आणि तिच्यावर दातांच्या खुणा असतात, म्हणजे तीही पेन्सिल चावते, म्हणजे तीही माणूसच आहे म्हणून तो खूष होतो. एक पेन्सिल आणा, चावलेली. प्रॉपर्टीवाल्याला सांगा, नवी आणेल नाहीतर.

विंगेतला_काका:
शेंगाचटणी ताई, आणखी एक राहिलं. अर्जात आसनं लिहिताना हॉलची पूर्ण क्षमता विचारली असेल तर पूर्णच लिहा आणि "आम्ही एवढीच विकणार" हे वेगळं कळवा, त्यावरून रक्कम कमी करतात का बघा. आणि श्रेयनामावली. लायसन्समध्ये पोस्टरवर कुणाचं नाव कसं आणि केवढं छापायचं ते लिहिलेलं असतं, ते पाळावं लागतं. तुमच्या अध्यक्षांचा फोटो शुल्झच्या नावापेक्षा मोठा छापता येणार नाही, हे त्यांना आत्ताच हळू सांगून ठेवा. गंमत म्हणजे संहितेचा लेखक म्हणून 'जॉन गॉर्डन' असं नाव असतं, असा कुणी माणूसच नव्हता, गेसनर आणि मूळ नटसंचानं मिळून स्ट्रिपमधून उचलून तालमीत जे जुळवलं त्याला दिलेलं ते टोपणनाव आहे. परिनिरीक्षणाच्या अर्जात लेखकाच्या रकान्यात लायसन्समधलं नाव आहे तसंच लिहा, आपल्या मनानं दुरुस्ती करू नका.

शेंगाचटणी:
अध्यक्षांना तुम्हीच सांगता का काका?

अर्ज आज रात्री पाठवते. मूळ १९६७ ची आवृत्ती मागायची का १९९९ ची यावर अजून भांडण चालूय, आमच्याकडे सॅली करू शकेल अशी एक जण आहे, आवाज खडा आणि स्वभावही तसाच, पण नव्या गाण्यांच्या चाली उंच जातात असं ती म्हणते. @काळी_पाच ताई, तिला एकदा तुमच्याकडे पाठवू का? आणि क्वायरमधलं कुणी ओळखीचं असेल तर निरोप द्या, पुरुष आवाज हवाय, लायनससाठी.

काळी_पाच:
पाठवा, संध्याकाळी सातनंतर, क्लास संपल्यावर. गळा बघून मगच आवृत्ती ठरवा, उलटं नको. लायनससाठी एक मुलगा डोक्यात आहे, सिव्हिल लाइन्सकडचा, गातो सुंदर पण फार लाजतो, स्टेजवर हात कुठं ठेवावे कळत नाही त्याला. लायनसला पांघरूण धरायचंय म्हणजे हातांचा प्रश्न नाही. विचारून सांगते.

औषधवाला:
आणि स्नूपी?